गराजमधला पेशंट

कॅनडातल्या मिल्टनमध्ये आमच्या शेजारच्या गराजमध्ये गाडी नव्हती, दात होते. काचेचे, वीतभर लांब, कट्यारीसारखे बाकदार सुळे. हजारो वर्षांपूर्वी नामशेष झालेल्या एका रानमांजराचे. गाडी बिचारी बाहेर बर्फात उभी असायची आणि तिच्याभोवतीचा बर्फ फावड्याने उपसायला देशकर मला हाक मारायचे.

देशकर नागपूरचे डेंटिस्ट. इथे लायसन्सची परीक्षा पास होईपर्यंत म्हणून एका गोदामात खोकी भरत. चेहरे त्यांच्या लक्षात राहत नसत. माझ्या बायकोला ते पहिली दोन वर्षं 'वरची डावी दाढ' म्हणूनच ओळखत. टोरोंटोच्या म्युझियममध्ये त्या जनावराची कवटी पाहिली आणि गडी तिथेच विरघळला. लगेच काचकामाचा क्लास लावला, गराजमध्ये छोटी भट्टी आणली. तापलेली काच फार हळू निववावी लागते, नाहीतर तडकते. एका दाताला इतका वेळ कशाला, असं विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं, "पेशंटला घाई नाहीये न, भाऊ."

एकदा एक सुळा हातात घेतला, तर मुळाशी पांढरा ठिपका. म्हटलं, काच खराब निघाली वाटतं. देशकर दुखावले.

"फिलिंग आहे ते. नीट पाहा."

प्रत्येक सुळ्याला होतं. इतका देखणा दात घडवायचा, मग नागपूरहून आणलेल्या ड्रिलने त्याला खड्डा पाडायचा आणि तो भरायचा. हा शुद्ध वेडेपणा आहे, असं मी त्यांना तोंडावर सांगितलं.

"हात चालू राहायला पाहिजे न. इथे माणसाच्या दाताला हात लावायची परवानगी नाही मला."

त्या दिवशी मी हसलो होतो. आज त्याची लाज वाटते.

परीक्षेत ते दोनदा नापास झाले होते. तिसरी संधी शेवटची. मार्चमध्ये निकालाचं पत्र आलं आणि दोन दिवसांनी देशकर वहिनी आमच्या दारात. "जरा बोला त्यांच्याशी. गराजमधून घरात येत नाहीयेत." मी काय बोलणार, कपाळ?

भट्टी गार होती. देशकर जाड कोट घालून स्टुलावर बसले होते. ड्रिल खोक्यात भरलेलं. समोर नवा सुळा, आजवरचा सगळ्यांत सुंदर. मुळाशी खड्डा पाडलेला, पण रिकामा.

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "हा भरायचा राहिलाय. असू दे, पेशंटला कुठे घाई आहे?"

त्यांनी वर पाहिलं. पहिल्यांदाच माझ्या दातांकडे नाही, डोळ्यांकडे.

"पेशंट कधीचाच मेलाय, भाऊ," ते म्हणाले. "मीच मानत नव्हतो."