आबासाहेबांचा विजेचा पंखा

आबासाहेबांनी पत्रात खोटं असं एकही वाक्य लिहिलं नव्हतं. "उन्हाची काळजी करू नये, आमच्याकडे विजेचा पंखा आहे," एवढंच त्यांनी हैदराबादच्या भुजंगरावांना कळवलं होतं. पंखा होताच. रेल्वेच्या लिलावात घेतलेला, पितळी पात्यांचा, चार वर्षं दिवळीत फडक्याखाली झाकलेला. जिंतूरजवळच्या त्यांच्या गावात वीज अजून आलेली नाही, हे लिहायचं मात्र राहून गेलं होतं.

भुजंगरावांच्या मुलासाठी आबासाहेबांच्या मुलीचं, मनकर्णेचं, स्थळ चाललं होतं. मुलगा सरकारी नोकरीत, घर सुशिक्षित. गेल्या सालात हैदराबादचं राज्य मोडून परभणी मुंबई राज्यात गेली, तेव्हापासून भुजंगरावांना आपल्या मुलखात सोयरीक करायची ओढ लागली होती. पत्राचं उत्तर उलट टपाली आलं, की येत्या बुधवारी दुपारी पोचतो.

"आता पंखा फिरवा," केशरबाई नवऱ्याला म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात निघून गेल्या.

आबासाहेबांचं नशीब असं, की त्याच आठवड्यात त्यांच्या घरालगतच्या कापसाच्या जिनिंगमधली पाण्याची लोखंडी टाकी जोडायला पूर्णेहून चंद्रभान मिस्त्री आला होता. त्याचं वेल्डिंगचं यंत्र दोन चाकांच्या गाड्यावर होतं आणि ते स्वतःच्या इंजिनावर चालायचं. टाकी उंच खांबांवर, यंत्र खाली. म्हणून वरून करंट कमी-जास्त करायला एक लहानशी डबी होती. तिला एक बटन आणि मागे लांबच लांब वायर. मिस्त्री डबी घेऊन वर चढायचा आणि बटन फिरवून खालचं यंत्र ताब्यात ठेवायचा. याच यंत्राच्या अंगाला एक प्लगही होता. त्याच्यावर दिवा लागतो, हे आबासाहेबांनी पाहिलं होतं.

मिस्त्रीने पंख्यावरची पितळी पट्टी वाचली आणि मान डोलावली. "चालंल. ह्याला लागतो तसलाच करंट हाय आपला. पण एक गोष्ट हाय आबासाहेब. मी जोडत असलो की इंजिन जोरात चालतं. जोडायचं थांबलो, की दहा-बारा मोजूस्तोर आपोआप हळू होतं. तेल वाचावं म्हणून तशी कळ हाय त्याला. इंजिन हळू झालं की पंखा बी मरगळणार."

"मग कळ काढून ठेवा."

"ती बंद करायची खुंटी मोडलीय. कवाची."

आबासाहेबांनी विचार केला. टाकीचं काम अजून बरंच होतं. पाहुणे बसतील तोवर मिस्त्री जोडत राहील, एवढं सोपं ते होतं.

बुधवारी भुजंगराव आले. काळी टोपी, पांढरा कोट, काखेत ट्रंक. ओसरीलगतच्या खोलीत त्यांना लोडाला टेकून बसवलं आणि यंत्रापासून वायर ओढून समोर दोन हातांच्या अंतरावर ठेवलेला पंखा सुरू झाला. भुजंगरावांची टोपी उडाली. ती उचलून देताना आबासाहेबांची छाती फुगली होती.

अर्ध्या घंट्यात मिस्त्री टाकीवरून खाली उतरला. काम आटोपलं होतं. महागाची डबी कोणाच्या पायाखाली येऊ नये म्हणून त्याने ती सावलीत, खोलीच्या खिडकीत ठेवली. इंजिन हळू झालं आणि आत पंखा म्हाताऱ्या बैलासारखा चालू लागला. आबासाहेब बाहेर धावले.

"मिस्त्री, थांबू नका."

"टाकी झाली की. आता काय जोडू?"

आबासाहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. मोडका फाळ दिसला, तो दिला. मग तुटलेली तिपाई, मग पोहऱ्याची कडी. घरातलं लोखंड संपलं तेव्हा त्यांनी जिनिंगच्या राखणदाराला, लिंबाजीला, गावात पिटाळलं. मोडकं लोखंड फुकटात जोडून मिळतंय, एवढंच त्याने मारुतीच्या पारावर सांगितलं. घटकाभरात फाटकापासून विहिरीपर्यंत रांग लागली. विळे, पहारी, बैलगाडीच्या चाकाची धाव, एकाने तर पडलेल्या घराची अख्खी खिडकी आणली होती.

आत भुजंगरावांना खिडकीतली डबी दिसली. हैदराबादेत पंख्याला असंच बटन असतं. त्यांनी हळूच ते डावीकडे फिरवलं.

बाहेर करंट कमी पडला आणि मिस्त्रीची वेल्डिंगची कांडी एका पहारीला चिकटली. ती सुटेना. तो ओढत राहिला आणि इंजिन आणखीच जोराने धापा टाकत राहिलं. पंखा तसाच भन्नाट. भुजंगरावांनी बटन उलट्या बाजूला, पार शेवटापर्यंत फिरवलं. तेवढ्यात मिस्त्रीने रांगेतल्या सारजाबाईंची कढई घेतली होती. कांडी टेकताच लखकन उजेड झाला आणि कढईतून पलीकडची जमीन दिसू लागली.

"मिस्त्री," सारजाबाई शांतपणे म्हणाल्या, "मी भोक बुजवायला आणली होती कढई."

मिस्त्रीने यंत्रावरचं बटन फिरवलं, काही फरक पडेना. मग त्याच्या ध्यानात आलं, की ताबा अजून डबीकडेच आहे. वायरीच्या मागोमाग त्याची नजर खिडकीपर्यंत गेली. तिथे पाहुण्यांचा हात दिसला. पाहुण्यांना काही बोलायचं नाही अशी आबासाहेबांची ताकीद होती. त्याने यंत्रावरचा खटका मुकाट्याने ओढून ताबा परत घेतला आणि कढईला ठिगळ शोधू लागला. त्यानंतर भुजंगरावांनी बटन कितीही फिरवलं तरी कुठेच काही होत नव्हतं.

भुजंगरावांनी उपरणं मानेभोवती गुंडाळलं. आबासाहेबांना वाटलं, घाम टिपताहेत. त्यांनी लिंबाजीकरवी मिस्त्रीला निरोप दिला, की पाहुण्यांना लय उकडायलंय, एक क्षण थांबू नका. पंखा आणि इंजिन यांच्या आवाजात बोलणं अवघडच होतं. मुलाच्या शिक्षणाची चौकशी दोनदा झाली आणि दोन्ही वेळा उत्तरात पाऊसपाण्याची हकिकत आली. पंगतीत पापड उडून केशरबाईंच्या पदरात पडला. भुजंगराव हसत नव्हते. स्थळ हातचं जाणार, असं आबासाहेबांना वाटू लागलं.

मग मनकर्णा चहा घेऊन आली. चहा कपातून बशीत लाटा मारत होता. पाहुणे एका बाजूला मान धरून, डोळे बारीक करून बसले होते. तिने कप खाली ठेवला आणि कोणाला न विचारता भिंतीपाशी जाऊन वायरीची जोड उपसली. पंखा थांबला.

"काका, वारं बाधतंय का तुमाला?"

भुजंगरावांनी दीर्घ श्वास घेतला. "बाई, माझी मान वाऱ्यानं आखडती. घरी मी पंख्याखाली बसत न्हाई. तीन घंटे झाले हे बटन फिरवायलोय, पंखा बंद व्हावा म्हणून. तुमी एवढ्या हौसेनं लावला, तर बोलावं कसं?"

केशरबाई दाराआड तोंडाला पदर लावून उभ्या होत्या.

त्यानंतर मात्र बोलणं झालं, आणि चहा निवायच्या आत सगळं ठरलं. तीन घंट्यांत या घरात आपल्याकडे नीट बघणारी ही एकच पोरगी, असं भुजंगराव म्हणाले. देण्याघेण्याचा विषय निघाला तेव्हा त्यांनी हात जोडले. "तुमच्या राजीखुशीनं काय ते करा. पंखा तेवढा इथंच राहू द्या."

आबासाहेब मिस्त्रीला थांबवायला बाहेर गेले. पण रांगेत अजून सतरा जण होते, आणि त्यांच्यातला एकही घरी जायला तयार नव्हता. आबासाहेब उभ्या उभ्या समजूत घालत होते, तेवढ्यात मागे पावलं वाजली. भुजंगराव मान तिरकी धरून रांगेच्या शेवटी येऊन उभे राहिले होते. त्यांच्या हातात ट्रंक होती.

"मोटारीत कडी तुटली हिची," ते पुढच्या माणसाला म्हणाले. "नंबर लागंल न्हवं आमचा?"