विनातिकीट ऊन

"आठ दिवसांत चोर तुमच्यासमोर उभा केला नाही, तर मला तपासनीस म्हणू नका," असं तपासनिसांनी इमारतीच्या जिन्याखाली सगळ्यांच्या देखत जाहीर केलं. खरं तर त्यांना तपासनीस म्हणायचं कारण तसंही उरलं नव्हतं. बसमध्ये चढून लोकांची तिकिटं तपासायची त्यांची नोकरी केव्हाच संपली होती. पण खांद्यावरची पट्टी उतरली तरी डोळ्यांतली नजर काही उतरत नाही. सकाळी पेपर घ्यायला दार उघडलं तरी ते पेपरवाल्याकडे असे बघत, की तो बिचारा उगाचच खिसे चाचपायला लागे.

आणि चोरी कसली, तर उन्हाची.

झालं होतं असं. इमारत पाच मजल्यांची, लिफ्ट एक, आणि दुपारची वीज म्हणजे रुसलेला जावई. आली तर आली, नाही तर बसा वाट बघत. तपासनिसांची थोरली बहीण, आक्का, त्यांच्याचकडे अगदी वरच्या मजल्यावर राहायची. तिच्या गुडघ्यांनी जिन्याशी कायमची कट्टी घेतली होती. लिफ्ट बंद म्हणजे आक्का बंद. रस्ता तिला दिसायचा तो खिडकीतून, वरून. माणसांची नुसती टाळकी. तोंडं कशी असतात ते विसरायला झालंय, असं ती म्हणायची.

मग एका कंपनीनं गच्चीवर सौर पॅनेलं आणून बसवली. निळीकाळी, गुळगुळीत, एकापुढे एक रांगेत, सगळी सूर्याकडे तोंड करून. शाळेतली गुणी मुलंच जणू. त्यांच्या जिवावर दुपारची लिफ्ट चालायला लागली आणि आक्का खाली उतरली. तळमजल्यावरच्या शिंपीणबाईंनी दुकानापुढे तिच्यासाठी खुर्ची टाकली, हातात सदरा दिला, आणि आक्कानं त्याला बटणं लावता लावता जाणाऱ्यायेणाऱ्या प्रत्येकाचं तोंड डोळे भरून पाहून घेतलं. वर आली ती गालांवर ऊन घेऊनच. तेव्हापासून रोज दुपारी तिचं हे माहेर ठरलेलं.

कंपनीनं एकच अट घातली होती. थोडे दिवस चालवून बघू. लिफ्ट नीट चालली तर पॅनेलं तुमची, नाही तर काढून दुसऱ्या इमारतीला देऊ. मागणारे पुष्कळ आहेत. लिफ्टच्या दारापाशी एक दिवा बसवला होता. ऊन पुरेसं असलं की हिरवा, कमी पडलं की लाल. आणि लाल झाला की लिफ्ट जिथं असेल तिथं थांबायची.

एका दुपारी दिवा लाल झाला. आक्का खालीच राहिली. दर मजल्यावर बसत, उठत, गुडघ्यांना शिव्या देत ती वर आली. लोक म्हणाले, ढग आला असेल. तपासनीस हसले. ज्या बसमध्ये माणसं जास्त आणि तिकिटं कमी, त्या बसमध्ये आपण आभाळाकडे बघत नाही, असं त्यांनी सगळ्यांना समजावलं. पाणी कुठंतरी मुरत होतं. आपल्या उन्हावर कुणीतरी फुकट प्रवास करत होतं.

मग त्यांनी आपली जुनी पद्धत काढली. टोपी घालून पुढच्या दारानं चढणाऱ्या तपासनिसाला आयुष्यात चोर मिळत नाही. आपण आधीच गर्दीत जाऊन, प्रवाशासारखं तोंड करून, मधल्या बाकावर बसायचं असतं. म्हणून ते गच्चीवर गेले आणि पॅनेलांच्या ऐन गर्दीत त्यांनी खुर्ची मांडली. तिथून सगळ्या तारा दिसत होत्या. डोक्यावर ऊन मी म्हणत होतं, तेव्हा खुर्चीला भली थोरली काळी छत्री बांधली. दुसऱ्या दिवशी छत्रीला एक चादर जोडली आणि चादरीचं दुसरं टोक पॅनेलाच्या कडेला गाठ मारून बसवलं. छोटासा मांडवच झाला. त्या सावलीत तांब्याभर पाणी घेऊन ते दुपारभर डोळ्यांत तेल घालून बसायला लागले.

आणि काय आश्चर्य, त्या दिवसापासून दिवा रोजच लाल होऊ लागला.

आधी एकदाच झाला होता. आता तपासनीस जेवून वर जायचा अवकाश, की खाली लाल. बायकोनं एकदा भीतभीत म्हटलंही, "अहो, तुम्ही पहारा करायला लागल्यापासून जास्तच जातंय का हो?"

"बरोबर," तपासनीस म्हणाले. "साहेब वर बसलेत हे त्याला कळलंय. त्याला खाली रान मोकळं."

बायकोनं तव्याकडे पाहिलं. पोळी करपत होती, ती तिकडे गेली.

पहिला संशय दातांच्या डॉक्टरवर. हा पहिल्या मजल्यावर दवाखाना थाटून बसलेला तरुण फार हसायचा. तपासनिसांच्या अनुभवानं, जो माणूस तिकीट मागितल्यावर हसतो, त्याच्याकडे तिकीट नसतं. शिवाय त्याची ती खुर्ची, ती वर जाते, खाली जाते, ती कशावर जाते? खुर्चीखालची तार कुठं जाते ते बघायचं, तर त्या खुर्चीत बसणं भाग होतं. तपासनीस दाढ दुखतेय म्हणून आत गेले. आडवे झाल्यावर ते तार बघायला वाकले, तर डॉक्टरनं त्यांना हलक्या हातानं सरळ केलं. पुन्हा वाकले, पुन्हा सरळ. तिसऱ्यांदा डॉक्टरनं सुई टोचली. तार दवाखान्याच्या स्वतःच्या बॅटरीला लावलेली होती, हे तपासनिसांना दिसलं खरं, पण तोवर त्यांच्या दाढेत खरोखरच कीड निघाली होती आणि डॉक्टर ती मन लावून कोरत होता. घरी आले तेव्हा अर्धं तोंड बधिर. पुढचा संशयित कोण ते त्यांना सांगायचं होतं, पण तोंडातून नुसती लाळ आली. आक्का म्हणाली, देवाला काळजी.

बधिरपणा उतरला आणि एका दुपारी, गच्चीवरचा मांडव तसाच उभा ठेवून, ते शिंपीणबाईंकडे गेले. निमित्त म्हणून पँट उसवून नेली होती. शिंपीणबाई बोलायला मोजक्या, कात्रीला मात्र धार. त्यांच्या दुकानात शिलाई मशीन, वर दोन दिवे, आणि कोपऱ्यात तापलेली इस्त्री. इस्त्री बघून तपासनिसांची मान डोलली. बाहेर आक्का, दिवा हिरवा असतानाच उतरलेली, आपल्या खुर्चीत बसून काजं करत होती. तिच्या समोरच त्यांनी विचारलं, की ही इस्त्री एवढी तापते, ती कुणाच्या उन्हानं?

शिंपीणबाईंनी मशीन थांबवलं. आपली वीज आपल्या तारेची आहे, हे त्यांनी एका वाक्यात सांगितलं. तपासनीस म्हणाले, सगळे असंच सांगतात, तार बघू. मग बाई उठल्या. त्यांनी तार दाखवली नाही. त्यांनी आक्काच्या हातातला सदरा घेतला, सुई काढून पिनकुशनमध्ये खोचली, आणि खुर्ची उचलून आत ठेवली.

"आक्का, रागावू नका," त्या म्हणाल्या. "पण ज्या घरची माणसं मला चोर म्हणतात, त्या घरचं माणूस मी दारात कसं बसवू?"

आक्का उठली. लिफ्ट त्या दिवशीही लालच होती. जिना चढताना तिनं भावाचा हात धरला नाही, कठड्याचा धरला. त्या रात्रीचं तिचं ताट तसंच राहिलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ती पुन्हा खिडकीशी बसली, वरून टाळकी बघत.

हे बघून तपासनिसांच्या पोटात तुटलं. पण संशय ही अशी चीज आहे, की पोटात तुटलं तरी ती डोक्यातून उतरत नाही. उलट त्यांना वाटलं, या चोरानं आता माझ्या बहिणीलाही रडवलं. आता सोडत नाही.

कंपनीची बाई पाहणीला यायची होती. तिच्यासमोरच चोराला रंगेहाथ धरायचं, असा बेत त्यांनी आखला. सगळ्या इमारतीनं आपापली विजेची बटणं बंद करून खाली लिफ्टपाशी जमायचं. डॉक्टर, शिंपीणबाई, सगळे. बायकोनं फोन घेऊन दिव्यावर नजर ठेवायची. आक्कानं लिफ्टनं खाली यायचं. आणि तपासनीस वर, आपल्या जागी. जो खाली नसेल, तो चोर. हातच्या काकणाला आरसा कशाला?

आक्का लगेच तयार झाली. तिला चोराशी देणंघेणं नव्हतं. तिला खाली जाऊन शिंपीणबाईंचा हात धरायचा होता. दिवा हिरवा होता. ती लिफ्टमध्ये शिरली, दार लागलं, लिफ्ट निघाली. वर तपासनिसांनी छत्री उघडली, चादरीची गाठ मारली, आणि बसले.

लिफ्ट थांबली.

"दिवा?" त्यांनी फोनवर विचारलं.

"लाल," बायको म्हणाली.

"शिंपीणबाई कुठंयत?"

"माझ्यासमोर."

"डॉक्टर?"

"शेजारी उभे आहेत."

"त्याचे हात कुठंयत?"

"खिशात."

"बाहेर काढायला सांग."

डॉक्टरनं हात बाहेर काढले. दिवा लालच. तपासनिसांनी मग कंपनीच्या बाईचेही हात बघायला सांगितले. बाईच्या एका हातात पर्स होती आणि दुसऱ्या हातानं ती कपाळ पुसत होती. सगळी इमारत समोर, आणि चोरी चालूच. इतक्यात दोन मजल्यांच्या मधून, बंद दाराच्या फटीतून, आक्काचा आवाज आला. आक्का घाबरली की रडत नसे. जात्यावर बसल्यासारखी गायला लागे.

"उन्हाच्या राखणीला भाऊ बसला शहाणा,
बहीण पिंजऱ्यात, तिला कोण घाली दाणा?"

खाली लोक आधी चपापले, मग कुणीतरी फिसकन हसलं. फोनमधून ते हसू वर गेलं. तपासनीस ताडकन उठले. हातात काही हवं म्हणून त्यांनी छत्रीच हिसकली. छत्रीबरोबर चादर आली. शेला सुटलेल्या नवरदेवासारखे ते चादर फरफटत जिना उतरले. धापा टाकत खाली पोचले, तर दिवा हिरवा, लिफ्टचं दार उघडं, आणि आक्का बाहेर उभी.

"पळाला," तपासनीस म्हणाले. "माझी चाहूल लागली त्याला."

ते तसेच पुन्हा वर गेले, छत्री-चादर घेऊन. दिवा लाल. खाली आले. हिरवा. पुन्हा वर. लाल. लोक आता दिव्याकडे नाही, जिन्याकडे बघत होते. तिसऱ्यांदा ते खाली आले तेव्हा त्यांचा चेहरा दिव्यापेक्षा लाल होता.

"बस जरा," आक्का म्हणाली. "तू वर गेलास की ऊन जातं आणि खाली आलास की येतं. एवढं मला कोंडलेल्या लिफ्टमध्ये कळलं. तुला उघड्या गच्चीवर कळेना?"

कंपनीची बाई छत्रीकडे बघत होती. मग तिनं फार हळू आवाजात, दुखावणार नाही अशा बेतानं सांगितलं, की काका, ही पॅनेलं एका रांगेत हात धरून असतात. एकावर सावली पडली की ते मागे ओढतं, आणि अख्खी रांग मंदावते. तुमच्या छत्रीची सावली दोनांवर पडते. चादरीची आणखी दोनांवर. पहिल्या दिवशी मात्र बहुतेक ढगच असावा.

सगळ्यांच्या नजरा छत्रीवर गेल्या. चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात. तपासनिसांच्या डोळ्यांपुढे तेवढं भर दुपारी पसरलं. ते शिंपीणबाईंकडे वळले. माफ करा हे शब्द त्यांनी नोकरीत कधी वापरले नव्हते. एखाद्याचं तिकीट दुसऱ्या खिशात निघालं, तरी ते एवढंच म्हणायचे, पुढच्या वेळी हातात ठेवा. आता कुठला शब्द कुठल्या खिशात आहे ते त्यांना सापडेना.

"बाई," ते शेवटी म्हणाले, "तुमचं तिकीट सापडलं."

"माझं हरवलंच नव्हतं," शिंपीणबाई म्हणाल्या.

"हो," तपासनीस म्हणाले. "माझंच नव्हतं. चुकलं माझं."

शिंपीणबाईंनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. मग आत जाऊन आक्काची खुर्ची बाहेर आणली, पदरानं पुसली, आणि आक्काला हाताला धरून बसवलं. पुन्हा आत गेल्या आणि दुसरी खुर्ची आणली. ती तपासनिसांसाठी होती. ते भारावून थँक्यू म्हणणार, तेवढ्यात बाईंनी सांगितलं, की ही मानाची नाही. दुपारभर इथंच बसायचं, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर.

पॅनेलं राहिली. कंपनीच्या बाईनं अटींमध्ये एक वाढवली, आणि ती कुणाबद्दल होती हे सांगायला नको. गच्चीच्या दाराला कुलूप लागलं आणि किल्ली शिंपीणबाईंकडे गेली. आक्का रोज खाली येते, बटणं लावते, तोंडं बघते. शेजारी तपासनीस सुईत दोरा ओवून देतात, आणि गिऱ्हाइकांकडे संशयानं बघितलं की आक्का त्यांच्या गुडघ्यावर चापट मारते.

परवा भर दुपारी दिवा पुन्हा लाल झाला. मशीन थांबलं. शिंपीणबाईंनी मान वळवून तपासनिसांकडे पाहिलं. आक्कानं पाहिलं. दवाखान्यातून डॉक्टर उतरला, त्यानंही आधी त्यांच्याकडेच पाहिलं. तपासनिसांनी दोन्ही हात वर केले. एकात सुई, एकात दोरा.

"मी इथंच आहे," ते म्हणाले. "सकाळपासून. हवं तर आक्काला विचारा."

"हो, इथंच होता," आक्का म्हणाली.

डॉक्टर मान डोलावून हसला. मग शिंपीणबाईंकडून किल्ली घेतली आणि गच्चीवर बघून यायला निघाला.