मानाची नळी आणि भिवाची दाढ

एका जंगलात भिवा नावाच्या तरुण तरसाची दाढ फुटली. दोष त्याच्या आबांचा, म्हणजे आजोबांचा. मुलांनो, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही उगाच डॉक्टरवर संशय घ्याल.

तरसांच्या टोळीत एक नियम होता. जो हाडं फोडतो, तो आधी खातो. भिवा हाडं फोडायचा. टोळीत त्याची जी काही किंमत होती ती त्या दाढांची.

एकदा त्याची उजवी दाढ किडली. ठणका कानापर्यंत गेला. तो साळिंदर डॉक्टरणीकडे गेला. तिच्या पाठीवर हव्या त्या जाडीचे काटे होते. तिने तोंड बधिर करून दाढ कोरली, आतली नस काढली, भोक बुजवलं.

"रूट कॅनाल झालं," ती म्हणाली. "आता ऐक. ओठ बधिर आहे तोवर काही चावू नकोस, स्वतःचाच ओठ खाशील. दोन-चार दिवस ठणकेल, तेवढं चालायचं. सूज आली तर लगेच ये. शिंपल्याची कॅप पौर्णिमेला बसवू. तोवर उजवीकडून कठीण काही चावायचं नाही. दाढ आता वाळक्या फांदीसारखी आहे. दुखणार नाही, पण तुटेल."

भिवा घरी आला. आबा वाटच बघत होते. आबांच्या तोंडात एकही दात नव्हता. त्यामुळे दातांच्या विषयात त्यांचा शब्द शेवटचा असे.

दुसऱ्या दिवशी दाढ ठणकली.

"बघ!" आबा म्हणाले. "लुबाडलं तुला. आमच्या वेळी होतं का असलं काही? लवंग धर दाढेत."

"आबा, डॉक्टरीण म्हणाली होती, थोडं दुखेल."

"ती काटेवाली काल जन्मली. तू मला शिकवतोस?"

भिवाने लवंग धरली. दोन दिवसांत ठणका गेला, तो तसाही जाणारच होता. आबांनी टोळीभर सांगितलं, लवंगेनं गेला.

"पौर्णिमेला कॅप बसवायची आहे," भिवा म्हणाला.

"बऱ्या झालेल्या दाढेला टोपी? लग्न आहे का तिचं?"

सगळे हसले. आबांच्या विनोदाला न हसणं हा त्या टोळीत गुन्हा होता.

पौर्णिमेच्या आधीच टोळीला मेलेलं सांबर सापडलं. आता तरसांची रीत अशी, की जो आजारातून उठतो त्याने सगळ्यांत जाड हाडाची नळी फोडायची आणि आतला मगज थोरल्यांना द्यायचा. थोरल्यांना दात नसतात, मगज मात्र फार आवडतो. म्हणून अशा रिती असतात, आणि त्यांना संस्कार म्हणतात.

"डावीकडून फोडतो, आबा," भिवा म्हणाला.

"मानाची नळी डावीनं? डाव्या हाताने प्रसाद घेतोस का रे?"

"उजवी तुटेल."

"दुखते का?"

"नाही."

"मग? उपाशी ठेवतोस का म्हाताऱ्याला?"

आत्या पुटपुटली, "केवढं केलं रे त्यांनी तुझ्यासाठी." काय केलं, ते तिला आठवेना.

भिवाने नळी उजवीकडे घेतली आणि जोर लावला. कडकन आवाज झाला. नळी जशीच्या तशी होती.

"दुखलं का?" आबांनी विचारलं.

"नाही."

"बघ! मी म्हटलं नव्हतं?"

नळी मग भिवाच्या चुलतभावाने फोडली. आबांनी मगज चाटून संपवला आणि ढेकर दिली.

डॉक्टरणीने दाढ पाहिली. ती मुळापर्यंत उभी चिरली होती. कॅप बसवायला काही उरलंच नव्हतं. तिने दाढ काढली.

आबा आजही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "रूट कॅनाल करू नका रे. आमच्या भिवाची दाढ त्यानंच गेली."

तात्पर्य : डॉक्टरचं ऐकलं तर दाढ वाचते, पण आजोबा रुसतात. म्हणून चांगल्या मुलांनी आजोबांचंच ऐकावं. भिवाने ऐकलं. त्याची उजवी दाढ गेली, डावीनं फोडलेलं टोळी धरत नाही, आणि टोळीत तो आता सगळ्यांत शेवटी खातो.