ताईची निळी पेटी

ताईनं दारातूनच निळी प्लास्टिकची पेटी धाकट्याच्या हातात दिली आणि चपला न काढता म्हणाली, "पंधरा दिवस लेकीकडे चाललेय. तेवढं सांभाळ."

धाकटा म्हणजे घरातला धाकटा, वय बावन्न. पेटी जड होती, खालून ओलसर होती आणि झाकणाला बारीक भोकं होती.

"काय आहे यात?"

"गांडुळं. हजारभर असतील. ओल ठेव, भाजीची देठं-सालं टाक. बाकी काही मागत नाहीत बिचारी." आणि ती जिना उतरलीसुद्धा.

धाकटा जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीवर बसायचा. सव्वीस वर्षं. माणसं जन्मलेली असत किंवा गेलेली असत, मगच कागद त्याच्यापुढे यायचा. कुणाला जगवायची जबाबदारी त्याच्यावर कधी पडली नव्हती. आता एकदम हजार जीव पदरात पडले. त्यानं पेटी न्हाणीघरालगतच्या गॅलरीत ठेवली आणि 'ओल ठेव' हे शब्द फारच मनावर घेतले. सकाळी कामावर जाताना एक मग पाणी, संध्याकाळी आल्यावर एक मग. खायला कांद्याची टरफलं आणि पिळलेली लिंबं. लिंबात जीवनसत्त्व असतं, एवढं त्याला आठवत होतं.

बायको शाळेत जीवशास्त्र शिकवायची. सहामाहीचे पेपर घरी आले होते. जेवणाच्या टेबलावर ती लाल पेन घेऊन बसलेली असे आणि गॅलरीतून पाणी ओतल्याचा आवाज आला की मान वर करून पुन्हा खाली घाली. ऐंशी पेपरांत गांडूळ शेतकऱ्याचा मित्र होता. तिचं ते कुणीच नव्हतं.

चौथ्या दिवशी सकाळी धाकटा दात घासायला गेला, तर भिंतीवरून लालसर दोरे वर सरकत होते. वॉशिंग मशीनखाली दोरे, पायपुसण्यावर दोरे.

"अहो, माझ्या चपलेत कोण आहे?" बायकोनं विचारलं. घाबरून नव्हे, शाळेला उशीर होत होता म्हणून.

"पळाली गं सगळी! वेळेवर पाणी देतोय, खायला घालतोय, तरी!"

"म्हणूनच पळाली. गांडुळाला फुप्फुस नसतं. ते कातडीतून श्वास घेतं. कातडी ओलसर लागते, पण बुडवून ठेवलंत तर गुदमरणारच. वर लिंबं. त्या आंबटानं कातडी चुरचुरते त्यांची."

"मग हे चार दिवस आधी का नाही सांगितलंस?"

"मी रोज सहा तास सांगत असते," बायको चप्पल झटकत म्हणाली. "घरी कुणी विचारलं तरच सांगते."

दाराच्या फटीत एक सापडून तुटलं होतं. धाकट्यानं आशेनं विचारलं, "याची दोन होतील ना?"

"नाही होत. नशीब असेल तर तोंडाकडच्या तुकड्याला शेपूट फुटते. तेही निम्म्या वर्गानं चुकीचंच लिहिलंय. पेटीतलं पाणी काढा, कोरडा कागद फाडून घाला आणि झाकण उघडं ठेवून दिवा लावा. उजेड नको असतो त्यांना, आपण होऊन खाली जातील." आणि ती गेली.

तेवढ्यात बेल वाजली. खालच्या मजल्यावरचे निवृत्त सर्व्हेअर बशी घेऊन उभे होते. बशीत एक गांडूळ.

"हे तुमचं का?"

लोकांच्या ओळखी पटवण्यात धाकट्याची हयात गेली होती. त्यानं नीट पाहिलं. "आमचंच असावं."

"पाइपातून आलं. आमच्या हिनं सुतळी समजून उचललं. आता पलंगावर पाय वर घेऊन बसलीय, उतरायला तयार नाही. एकूण किती आहेत?"

"हजार."

सर्व्हेअरांनी मनाशी हिशेब केला. "मग बशी राहू द्या तुमच्याकडे."

धाकट्यानं रजा टाकली. कारणाच्या रकान्यात 'घरगुती' लिहिलं. दिवसभर तो चमच्यानं गांडुळं उचलत गुडघ्यांवर रांगला. पाणी काढलं, लिंबं वेचली, वर्तमानपत्रं फाडून घातली. ती संपली तेव्हा टेबलाखालचा गठ्ठा दिसला. वरच्या कागदाची मागची बाजू कोरी होती. त्यातले काही घेतले. दिवा लावल्यावर गांडुळं खरोखरच एकामागून एक कागदात शिरली. कंबर धरून उभा असलेला धाकटा त्यांच्याकडे पाहत राहिला. आपल्या हातून काहीतरी जगलं, असं त्याला वाटलं.

दोन दिवसांनी बायको म्हणाली, "अहो, इथे नववी 'ब'चा गठ्ठा होता. पातळ कसा झाला?"

धाकट्यानं गॅलरीकडे पाहिलं. बायकोनं गॅलरीत जाऊन झाकण उचललं. एका ओल्या पट्टीवर अजून वाचता येत होतं: 'शरीर अनेक वलयांचे बनलेले अस'. पुढचं गिळलं गेलं होतं.

ती तिथेच फरशीवर बसली. ओरडली असती तर बरं झालं असतं. "अकरा गेले," उरलेला गठ्ठा मोजून झाल्यावर ती एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिकेनं सगळं ऐकून घेतलं. "वही कुत्र्यानं खाल्ली, असं मुलं सांगतात. तुम्ही गांडुळाचं सांगताय. पण गांडूळ कागद खातं का हो?"

"दात नसतात त्यांना, मॅडम. भिजून कुजला की गिळतात."

मुख्याध्यापिकेच्या निवृत्तीला तीन महिने उरले होते. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "अकराजणांची तोंडी घ्या. आणि पालक विचारायला आले तर दाखवायला ती पेटी आणा."

धाकट्यानं दुसरी रजा टाकली आणि पेटी उराशी धरून शाळेत नेली. अकरा मुलं तिच्यावर तुटून पडली. वर्गात कधी तोंड न उघडलेली एक मुलगी गांडूळ तळहातावर घेऊन म्हणाली, "बाई, याला डोळे नाहीत, मग उजेड कसा कळतो?" कातडीतच कळतो, हे बाईंनी सांगेपर्यंत तिनं मूठ मिटून अंधार करून पाहिला होता. अकराही जण उत्तम पास झाले. मग उरलेला वर्ग रांगेनं आला: "बाई, आमचेपण पेपर त्यांना घाला ना." बायकोला हसू आलं, पण हसायचेही कष्ट पडत होते.

पंधराव्या दिवशी ताई आली. धाकट्यानं तिला पाणी देण्याआधी गॅलरीत नेलं. आता त्याला सगळं येत होतं. मूठभर खत दाबून त्यानं दाखवलं: एकच थेंब गळायला हवा. "आणि हे पिवळे दाणे पाहा. कोश आहेत. एकेकातून दोन-तीन निघतात."

"जिवंत आहेत?" ताई म्हणाली.

"सगळी! जवळजवळ सगळी."

ताई वॉशिंग मशीनला टेकली. "अरे, लेकीनं वाढदिवसाला दिलेली. दोन वर्षं झाली, हिच्यापायी मला कुठे जाता येत नाही. जिवंत, म्हणून टाकवत नाही. तुझ्याकडे कधी मनीप्लँट जगला नाही, मासे जगले नाहीत. म्हटलं, तुझ्याकडे ठेवू, म्हणजे आपोआप... आणि लेकीला सांगायला तुझं नाव."

धाकटा खत धरलेली मूठ तशीच घेऊन उभा राहिला. आतून बायकोनं विचारलं, "ताई, लेकीला काय सांगितलंत मग?"

"काय सांगणार? मजेत आहेत म्हटलं. तर म्हणाली, आई, तुला एवढी आवड आहे म्हणून..." ताईनं खालच्या रस्त्याकडे बोट केलं. "टॅक्सी थांबलीय. तिनं दुसरी पेटी दिलीय. ही पहिलीपेक्षा मोठी आहे, मला एकटीला उचलत नाही."

धाकट्यानं हात धुतले आणि चपला शोधायला लागला.