ओट्यापुढची पाटी

रखमाजीला रहदारीच्या त्या पाटीतून दोन गोष्टी मिळायच्या होत्या आणि जायचं काहीच नव्हतं. असा सौदा जालन्याच्या बाजारात होत नसतो. बैलांच्या घुंगरमाळा, कासरे आणि वेसणी विकण्यात उभा जन्म घातलेल्या माणसाला एवढं कळायला हवं होतं. पण सौदा स्वतःचा असला की भल्याभल्यांना तराजूची दांडी दिसत नाही.

मिळायची पहिली गोष्ट म्हणजे सगुणाबाईचं, म्हणजे बायकोचं, तोंड बंद होणं. दुसरी म्हणजे कुणापुढे वाकूनही न वाकल्याचं समाधान.

रखमाजी रोज सकाळी सायकलवर दुकानाला निघायचा. वाटेत वळणावर ख्वाजामियाँ नालबंदाचा ओटा लागायचा. ख्वाजामियाँनी आता बैलांना नाल ठोकायचं सोडलं होतं. बायको वारल्यापासून ते ओट्यावर बसून तसबीहचे, जपमाळेचे, मणी ओढत असत. ओटा आला की रखमाजी सायकलवरून उतरायचा, ओटा संपेपर्यंत ती हातात धरून चालायचा आणि पुढे जाऊन पुन्हा टांग टाकायचा. वडीलधाऱ्यापुढून सायकलवर बसून जायचं नाही, ही जुन्या वळणाच्या घरांतली रीत होती. आणि ख्वाजामियाँ वडीलधारे तर होतेच, वर त्यांनीच मागून सीट धरून, धापा टाकत पळून, रखमाजीला सायकल शिकवली होती. तेव्हा उतरण्यात नवल काही नव्हतं. नवल हे की दोघं एकमेकांशी बोलत नव्हते.

भांडण शिध्यावरून झालेलं. ख्वाजामियाँच्या एकुलत्या लेकीच्या, शहाजादीच्या लग्नात हिंदू दोस्तांच्या घरी कोरडा शिधा पोचता करायचा होता. इतरांकडे तो गड्याच्या डोक्यावर गेला तरी चालेल, पण रखमाजीकडे ख्वाजामियाँ स्वतः घेऊन येतील, हे दोन्ही घरांत न बोलता ठरलेलं. दिवेलागणीला शिधा आला तो गड्याच्याच डोक्यावर. रखमाजीने तो तसाच परत धाडला. लग्नघरातून आलेला शिधा परत जाणं म्हणजे दारातून वरात परत जाणं. ख्वाजामियाँनी निरोप पाठवला, "आता जो पहिल्यांदा बोलेल, चूक त्याची." आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर राहिले.

बोलणं सुटलं, उतरणं मात्र सुटलं नाही. बोलणं दोस्तीच्या खात्यावर होतं, उतरणं बापाने लावलेल्या वळणाच्या. ख्वाजामियाँ मान वर करून बघायचे नाहीत. फक्त रखमाजी समोरून चालत असेपर्यंत त्यांच्या बोटांतला मणी थांबायचा, आणि तो गेला की पुढे सरकायचा. दोघांत शिल्लक राहिलेली बोलाचाली ती एवढीच.

"भाऊजी वर मान करून बघत बी न्हाईत," सगुणाबाई भाकरी थापता थापता म्हणायची, "अन् तुमी उतरून राह्यले. उद्या लोटांगन घाला."

"मी त्याच्यासाठी न्हाई उतरत. सडक अरुंद हाय म्हनून उतरतो."

"मंग आपल्या दारातली सडक काय रुंद हाय? तिथं तर उतरत न्हाई, पडता!"

अशात हैदराबादेहून निजाम सरकारचे रहदारीचे नवे नमुने आले. पाट्या कशा असाव्यात, रस्त्यावर चुन्याच्या रेघा कुठं ओढाव्यात, सायकलवाल्यांनी कुठं उतरावं, घंटी कशी असावी, सगळं त्यात होतं. दवंडी पिटली गेली: नमुने महिनाभर रस्त्यात उभे राहतील, रयतेने बघावेत, हरकती आणि सूचना बलदियाच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, कचेरीत द्याव्यात, मग सुनावणी होईल आणि मग कायम.

आजवर रयतेला कुणी काही विचारलं नव्हतं. त्यामुळे रयतेने मागची सगळी बाकी एकदम वसूल केली. लाल गोल पाटीवर सायकल हातात धरून चाललेला माणूस काढला होता. एकाने हरकत घेतली की याच्या डोक्यावर पागोटं नाही, टोपी नाही, रूमी टोपीही नाही. बोडक्या डोक्याने हा कुणाच्या मयतीला निघालाय? रोज सकाळी हे तोंड बघायचं काय? दुसऱ्याचं म्हणणं पडलं की हा सायकल ढकलतोय, म्हणजे चाकातली हवा गेलीय. त्याच्या चाकातली हवा गेली म्हणून आम्ही काहून उतरायचं? बाकीच्या हरकतींत नुसत्या शिव्या होत्या, पण त्या फार्सी वळणाच्या असल्याने कचेरीने आदराने ठेवून घेतल्या.

उतरण्याची पाटी बारवेजवळच्या उतारावर उभी होती. ती बघून रखमाजीच्या डोक्यात सौदा लखकन चमकला. त्याने सूचना लिहून दिली की पाटीची खरी जागा बारव नव्हे, अलीकडचं वळण, ख्वाजामियाँ नालबंदाच्या ओट्यासमोर; सडक तिथं फार अरुंद. साऱ्या कागदांत शिवीवाचून आलेला हा एकच कागद. तो हातोहात मंजूर झाला.

पाटी वळणावर आली. सडकेवर चुन्याची पांढरी रेघ पडली. पहिल्या सकाळी रखमाजी रेघेवर उतरला आणि मनातल्या मनात म्हणाला, 'सरकारी हुकूम हाय.' मोठ्याने म्हणाला असता तर बोलणं धरलं गेलं असतं. मणी थांबला. रखमाजी खूश झाला. तेवढ्यात मागून शाळामास्तर आले, तेही उतरले. मणी पुन्हा थांबला. टपालवाला आला, मणी थांबला. कापसाच्या जिनातले कारकून एका रांगेत आले, तेव्हा तर मणी हलायचाच राहिला.

"टपालवाल्यासाठी बी थांबतो!" घरी येऊन रखमाजी फणकारला.

"तुमीच तर साऱ्या गावाला त्याच्यापुढं उतरवलं," सगुणाबाई म्हणाली. "मोठा मान दिला दुश्मनाला."

आठवडाभरात मणी कुणासाठीच थांबेनासा झाला. रखमाजी रेघेवर मुद्दाम उभा राहिला, साखळी तपासल्यासारखं केलं. मणी आपला सरकतच होता. आणि त्याच आठवड्यात बातमी आली की ख्वाजामियाँनी हरकत दाखल केलीय, पाटी आमच्या दारातून हटवा.

झालं. गावाचे दोन पक्ष पडले. ज्यांनी सायकलला कधी हातही लावला नव्हता, ते जास्त तावातावाने बोलू लागले. पाटीवाले आणि बिनपाटीवाले एकमेकांच्या दुकानात सौदा घेईनात. रखमाजीला जो तो सांगायचा, "मागं सरू नका." मागे सरायचा विचार त्याच्या मनात आला होताही, पण तो कुणाला सांगायची सोय उरली नाही.

सुनावणीला कचेरी भरून गेली. ख्वाजामियाँ आले ते शहाजादीचा हात धरून. ती बापाला भेटायला हैदराबादेहून आली होती. "म्हातारा वकील घेऊन आला," कुणीतरी कुजबुजलं. ख्वाजामियाँ दोन पावलं पुढे झाले आणि त्यांनी मोठ्या अदबीने, कमरेत लवून, सलाम केला तो खुंटीला. खुंटीवर तहसीलदारसाहेबांची काळी शेरवानी टांगलेली होती, वर त्यांची टोपी होती.

कचेरी फिदीफिदी हसली.

"बडे मियाँ, हम इधर हैं," खुर्चीतले तहसीलदारसाहेब म्हणाले. "अभी कपडों में हैं."

या हशात सगळ्यात मोठा आवाज रखमाजीचा होता.

"बोर्डसे तकलीफ क्या है आपको?"

"बोर्ड चांगला हाय, साहेब," ख्वाजामियाँ म्हणाले. "पन आता माज्या दारात समदेच उतरून राह्यले. कोन उतरलं तेच कळंना."

"अरे भई, सायकलवाले उतरते हैं! और कौन उतरेगा, हाथीवाले?"

पुन्हा हशा. साहेबांनी रखमाजीकडे बघितलं. "आपका क्या कहना है?"

"बोर्ड बराबर जागी हाय, साहेब. बिलकुल हलवू नये."

आवाज ऐकला तसा ख्वाजामियाँनी चेहरा वळवला, पण रखमाजीकडे नाही, शेजारच्या खिडकीकडे. 'तोंड फिरवलं,' रखमाजी मनात म्हणाला.

पाटी कायम झाली. सोबत बाकीचे नमुनेही कायम झाले: रेघ, उतरणं, आणि सायकलीला मंजूर नमुन्याची घंटी सोडून दुसरं काही वाजवणं मना.

रखमाजी विजयी मुद्रेने घरी आला. शेरवानीच्या सलामाचा किस्सा त्याने सगुणाबाईला नक्कल करून दाखवला, नंतर खिडकीकडे तोंड फिरवल्याचाही. सगुणाबाई हसली नाही. तव्यावर भाकरी जळू लागली तरी तिने उलटली नाही.

"काय म्हनले भाऊजी? कोन उतरलं ते कळंना?"

"हौ ना. येडा झालाय."

"अवं, त्यांना दिसत न्हाई."

"काहीतरीच! डोळे तर चांगले टपोरे—"

"टपोरे असून काय करायचे? शिधा कवा आल्ता आपल्याकडं? दिवेलागणीला. तवापासूनच त्यांना अंधारात दिसत नसंल. लेकीच्या लग्नात, साऱ्या गावादेखत, गड्याचा हात धरून ठेचकाळत आले असते का? त्यांनी शिधा धाडला अन् आपली अब्रू झाकली. अन् तुमी परत केला."

रखमाजी खाली बसला. ख्वाजामियाँच्या कानाची ख्याती त्याला ठाऊक होती. बैल दारावरून गेला तर न बघता सांगायचे, मागच्या डाव्या पायाचा नाल ढिला झालाय. रोज सकाळी आपली जुनी सायकल खडखडत यायची, ओट्यापुढे थांबायची, आपली पावलं वाजायची. त्या सडकेवर उतरणारा दुसरा कुणी नव्हता. तोवर मणी थांबायचा. आता साऱ्या गावाची सायकल तिथं थांबत होती.

"जावा, अन् बोला जाऊन," सगुणाबाई म्हणाली.

"पहिल्यांदा बोललो तर चूक माझी ठरती."

"ठरू द्या की. हायच तर!"

पण व्यापारी माणूस सरळ दाराने हरत नाही, खिडकी शोधतो. रखमाजीला खिडकी सापडली. दुकानात पितळी घुंगरांची एक जुनी माळ होती, विकायची नाही म्हणून वर टांगलेली. तरुणपणी दोघांनी मिळून एक खोंड घेतला होता. नाल ख्वाजामियाँनी ठोकले होते, माळ रखमाजीने बांधली होती. तो आवाज ख्वाजामियाँ झोपेतही ओळखतील. माळ सायकलला बांधली की बोलेल ती सायकल, आपण नव्हे. अटही राहील आणि कामही होईल.

दुसऱ्या सकाळी रखमाजी छुमछुमत निघाला.

"काय मालक, पोळा जल्दी आला का औंदा?" लोक ओरडत होते. "अन् सायकलीच्या शिंगांना रंग न्हाई दिला?"

रखमाजी कुणाकडे बघत नव्हता. वळण जवळ आलं होतं. तोच चावडीसमोर पोलिसाचा जवान आडवा झाला.

"घुंगरं मना हायती. कालच कायम झालं."

"त्या वळनापरेंत जाऊ द्या, जवानसाहेब. मंग मी आपल्या हातानं सोडतो."

"तुमच्याच सूचनेनं तर बोर्ड लागला, अन् तुमीच कायदा मोडून राह्यले? बसा. अमीनसाहेब येतील, ते ठरवतील."

ठाण्याचे अंमलदार, अमीनसाहेब, जेवून आले. जेवण रोजच्यापेक्षा सावकाश झालं असावं. त्यांनी घुंगरमाळ जप्त केली, रखमाजीला कायद्याचा मान कसा राखावा ते समजावलं आणि सोडून दिलं.

रखमाजीने सायकल काढली. आता खिडकी बंद झाली होती, दारच उरलं होतं. तो पायडल मारता मारता घोकू लागला, "ख्वाजाभाई, मी हाय. ख्वाजाभाई, मी हाय." वळण आलं. पाटी आली. रेघेवर तो उतरला.

ओटा रिकामा होता. दाराला कुलूप होतं.

शेजारची दुर्गाबाई उंबऱ्यात तांदूळ निवडत होती. "आत्ताच तांगा गेला टेसनाला," ती म्हणाली. "लेक घेऊन गेली हैदराबादला. दरसाल न्यायला येती अन् ते दरसाल म्हनायचे, सकाळी माझं मानूस येतं, मी न्हाई यायचा."

"मंग औंदा?"

"औंदा गेले. सकाळधरनं बसले व्हते ओट्यावर. सायकल थांबली की तोंड वर करायचे. लेक म्हनायची, अब्बा, गाडी चुकंल. तर म्हनायचे, जरा ठैर. मंग कटाळले. म्हनले, आता येत नसंल तो." दुर्गाबाईने सुपातला खडा काढून फेकला. "पन खूश व्हते हो. काल कचेरीत तुमचा आवाज ऐकला म्हनं लई वर्सांनी. म्हनले, आवाज खणखणीत हाय, तबियत बराबर असंल."

स्टेशनाकडून गाडीची शिट्टी आली आणि लांबत गेली.

रखमाजी सायकल धरून तसाच उभा राहिला. मग कुलुपाकडे बघून, घोकलेलं वाया जाऊ नये म्हणून की काय, म्हणाला, "ख्वाजाभाई, मी हाय."

ठरल्याप्रमाणे चूक त्याची ठरली.

हिशेब मांडायचाच तर असा. रखमाजीला कबूल झालेल्या दोन्ही गोष्टी पोचल्या. सगुणाबाईचं तोंड बंद झालं. उतरण्यावरून ती पुन्हा एक शब्द बोलली नाही. आणि वाकूनही न वाकल्याचं समाधान रोज सकाळी मिळतं, कारण समोर कुणी बसलेलं नसतं. बलदियाला पाटी मिळाली, चावडीला घुंगरमाळ. मास्तर, टपालवाला, कारकून कुलुपापुढे उतरतात, चार पावलं चालतात आणि पुन्हा टांग टाकतात. त्यांचं काही गेलं नाही. जे जायचं ते हैदराबादेत कुणाच्या तरी बोटांत अडलेल्या एका मण्याचं गेलं, आणि या रेघेवर रखमाजीचं. बाकी सगळे उतरून पुढे निघून जातात. तो अजूनही जरा वेळ थांबतो.