सम्राटाचा दुसरा कान

कोणतीही वस्तू जुनी असणे आणि ती जुनी ठरणे या दोन स्वतंत्र बाबी आहेत. पहिलीला काळ लागतो, दुसरीला अर्ज. पहिली बाब निसर्ग कशीबशी निभावून नेतो. दुसरीसाठी छत्रपती संभाजीनगरात, पदमपुऱ्यातल्या एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, प्राचीन नाणे निश्चिती केंद्र आहे. (लिफ्टही आहे. ती चालते की नाही याची निश्चिती व्हायची आहे.)

केंद्राचे नाणे-परीक्षक म्हणजे मोहियोद्दीन सर. एकतीस वर्षांच्या सेवेत त्यांनी ४,२१२ नाणी तपासली. पैकी ३,९०४ रामदरबाराची, जी प्रत्येक घरी पणजोबांना स्वप्नात मिळालेली असतात. २९६ ईस्ट इंडिया कंपनीची (ती पाडणारे कारागीर बजाजनगरच्या मागे राहतात). ११ कूलरचे वायसर. आणि १ चॉकलेटचे, जे तपासणीदरम्यान विरघळले. रोमन चांदीची नाणी : शून्य.

आणि सर तर रोमन नाण्यांपायीच वेडे झालेले. कोणत्या बादशहाला दाढी, कोणाची मान जाड, कोणाच्या राज्यात चांदीत तांबं वाढलं, सगळं तोंडपाठ. एकतीस वर्षं हा माणूस पोहायला शिकून नळाखाली बसला होता. येत्या ३१ मेला ते निवृत्त होणार होते. इच्छा एकच उरली होती : नोंदवहीत आपल्या सहीवर एक, फक्त एक, खरं रोमन नाणं चढावं.

अकरा मेच्या दुपारी पैठणकडचे शेतकरी तात्यासाहेब एसटीने आले आणि त्यांनी चुन्याच्या डबीतून एक नाणं काढून टेबलावर ठेवलं.

"गोठ्याचा पाया खंदताना घावलं. घरची म्हनली, सरकारला दाखवून या."

सरांनी भिंग लावलं. मग भिंग खाली ठेवून अख्खी बाटली पाणी प्याले. वजन पावणेचार ग्रॅमच्या आत-बाहेर. डोक्यावर पानांचा मुकुट, तोंड उजवीकडे, कडेने लॅटिन अक्षरं. गालावर छिन्नीचा घाव, कारण चांदी आतपर्यंत खरी आहे का हे आपल्याकडच्या सराफांनी तेव्हाही बादशहाचा गाल कापूनच बघितलं होतं. सरांना ओळखायला चार मिनिटं लागली, त्यातली तीन डोळे पुसण्यात गेली.

"तात्यासाहेब, हा टायबेरियस. रोमचा बादशहा. इसवी सन चौदा ते सदतीस."

"इतक्या लांबून पैठनला कशापायी आला म्हनायचा?"

"तो नाही, त्याचे व्यापारी. कापड न्यायला."

"म्हंजी गिऱ्हाईक." तात्यासाहेबांनी नाणं उलटं केलं. मागे एक बाई खुर्चीवर बसलेली. "ही बायको का?"

"आई असावी, असं म्हणतात."

"मंग बराबर. सुनंला पैठनी घेतली म्हनून रुसून बसलीय."

इथवर सगळं शास्त्र झालं. घोडं पेंड खातं ते यापुढे. कारण ओळखणे म्हणजे निश्चिती नव्हे. निश्चितीसाठी नमुना सात-ब भरावा लागतो आणि त्याला नाण्याचा फोटो जोडावा लागतो, चेहरा समोरून, दोन्ही कान दिसतील असा. (हा नमुना मूळचा कशासाठी होता हे कोणालाही आठवत नाही, त्यामुळे तो बदलण्याचा अधिकारही कोणाला नाही.) टायबेरियसने दोन हजार वर्षं मान वळवलेली नाही. अर्ज परत आला. शेरा : 'संबंधितास समोर पाहण्याच्या सूचना द्याव्यात.'

सरांनी धीर सोडला नाही. तात्यासाहेबांकडून शंभराऐवजी पाचशेच्या स्टॅम्पवर प्रतिज्ञापत्र करून घेतलं, की सम्राटास दुसरा कान असून तो पलीकडच्या अंगास आहे, आणि तसा नसल्यास होणाऱ्या परिणामांस मी जबाबदार राहीन. दोन साक्षीदारांनी तो कान समक्ष पाहिल्याच्या सह्या केल्या. मग गालावरच्या जखमेचा पंचनामा मागण्यात आला. गावच्या पोलीस पाटलांनी तोही दिला : 'जखम जुनी, आरोपी सराफ, फरार.'

एकोणतीस मेला समितीची बैठक भरली. अध्यक्ष आप्पासाहेब. (त्यांना कोणत्या तरी समितीचं अध्यक्ष करणं आवश्यक होतं आणि हीच रिकामी होती.) आता एकच रकाना उरला. संगणकावर बसलेल्या मोनिकाने विचारलं, "सर, नाण्याची जन्मतारीख?"

"इसवी सन चौदा ते सदतीस."

"एकोणीसशेच्या आधीचं घेत नाय, सर. अन् दिवस, महिना बी लागतो."

समितीने चहा मागवला. आप्पासाहेबांनी मात्र असले पेच शाळेतच सुटलेले पाहिले होते.

"त्यात काय! एक जून टाका. मास्तरांनी आम्हां सगळ्यांची तीच टाकली."

"अहो, झूट आहे ते! दोन हजार साल जुनं नाणं आहे!"

"सर, तुमची जन्मतारीख काय?" आप्पासाहेबांनी विचारलं.

"एक जून अडुसष्ट."

"अन् खरी?"

सरांच्या अम्मी सांगायच्या, तुझा जन्म हुरड्याच्या दिवसांतला. पण शाळेत नाव घालताना मास्तरांनी त्या वर्षीच्या चाळीस पोरांना एकदमच १ जूनला जन्माला घातलं होतं.

"दिसतोय बी तुमच्याच वयाचा," आप्पासाहेब फोटो न्याहाळत म्हणाले. "अडुसष्टच टाक गं."

संगणकाने तारीख आनंदाने घेतली आणि दाखला छापला : 'वय : ५७ वर्षे ११ महिने. शंभरपेक्षा कमी. सबब नाणे प्राचीन नाही.'

खाली परीक्षकाची सही हवी होती. सही न केल्यास नाणं कार्यालयाच्या कपाटात जाणार होतं, आणि त्या कपाटाची किल्ली १९९९ पासून सापडत नव्हती. सरांनी बाहेर बाकावर बसलेल्या तात्यासाहेबांकडे पाहिलं, आणि सही केली. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी खऱ्या नाण्यावर सही केली, आणि तीही ते खोटं आहे म्हणून. फार वाईट वाटलं त्यांना. समितीने टाळ्या वाजवल्या. नोंदवहीत आकडा ४,२१३ झाला. रोमन : शून्य.

जिन्यात त्यांनी तात्यासाहेबांना नाणं परत दिलं. दाखल्याबरोबर एक चिठ्ठीही दिली. स्वच्छ मराठीत, स्वतःच्या हाताने लिहिलेली : 'हे नाणे रोमचा सम्राट टायबेरियस याचे. इसवी सन १४ ते ३७. अस्सल. मी स्वतः पाहिले आहे.'

तात्यासाहेबांनी दोन्ही कागद घरी जपून ठेवलेत. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते आधी चिठ्ठी दाखवतात. तुम्ही कधी पैठणकडे गेलात तर तुम्हांलाही दाखवतील. तुम्ही शिकलेली माणसं, तुम्ही ती नीट वाचाल, मान डोलवाल, अक्षराचं कौतुक कराल, आणि मग हळूच विचाराल, "पण यावर शिक्का कुठाय?"