धाकोजी लोहाराने दारूखान्यास केलेल्या कुलपाची हकीकत

श्रीचरणी मस्तक ठेवून, जैसे घडले तैसे लिहिले, श्रोतियांनी चित्त देऊन ऐकावे. शके सोळाशे एकोणऐंशी, ईश्वरनाम संवत्सरे, चैत्र वद्य पंचमीचे दिवशी गडावरील दारूखान्यास, म्हणजे तोफांची दारू ठेवावयाचे कोठारास, नवे कुलूप चढले. ते धाकोजी लोहाराने घडविले. भलती किल्ली फिरविताच आतील पोलादी खिटी पडावी आणि मग खऱ्या किल्लीनेही उघडू नये, ऐसी करामत. महाराज बहुत संतोष पावले, वस्त्रे दिधली, आणि धाकोजी गडभर मिरवला.

मग महिन्याने ऐसे जाले की, येसाई म्हणोन म्हातारी दारूखाना झाडावयास आत गेली असता रायाजी हवालदाराने न पाहता दार लोटिले आणि गडबडीत भलतीच किल्ली फिरविली. खिटी पडली. आतून येसाई हाका मारू लागली. भिंती चिरेबंदी, झरोका एकही नाही, आत वारा जाईना. धाकोजी धावत आला आणि आपलेच कुलूप चाचपू लागला. घण घालावा तरी ठिणगी उडोन अवघा बुरूज जाईल.

हवालदार बोलिले, "तुझा काय दोष? किल्ली माझे हातून चुकली."

धाकोजी बोलिला, "हात तुमचा चुकला खरा. पण चुकल्या हातास माफीच नाही ऐसी वस्तू मी केली. आत माणूस सापडेल, हे मनासही शिवले नाही. तुम्ही सारे खाली उतरा."

आणि कानस पाण्यात बुडवून तो एकटाच कोयंडा घासो लागला, आणि चार हात घासावे, मग पाणी ओतावे, ऐसे करिता दुपार कलली आणि बोटे सोलली.

"येसाई, बोलत राहा!"

"बोलते रे मेल्या, पण दम लागतो. तुझे कुलूप मोठे वाईट आहे."

"वाईटच आहे, आई."

मग आतून बोल येईना. धाकोजी रडत घासीत राहिला. शेवटी कोयंडा तुटला, दार उघडले, म्हातारी उंबऱ्याशी पडली होती. तोंडावर पाणी मारिले तो डोळे उघडून म्हणाली, "इतका वेळ लावतात का?" तेव्हा धाकोजी तिचे पाय धरून मटकन बसला.

पुढे महाराजांनी आज्ञा केली, "तेच कुलूप नीट करून चढवावे."

धाकोजी हात जोडून बोलिला, "चोर अडेल ऐसे करीन, परंतु आतला माणूस आतून सुटेल ऐसेही करीन. याविना माझे हातून होणे नाही."

महाराजांनी त्याचे सोललेले हात पाहिले आणि बोलिले, "तैसेच करणे."

मग नवे कुलूप जाले. धाकोजी स्वतः आत राहिला, बाहेरून बंद करविले, आणि आतल्या बाजूची कळ दाबून आपणच बाहेर आला. तेव्हा येसाई म्हणाली, "सर आता, झाडू दे," आणि केरसुणी घेऊन आत गेली.

एवंच, गड राहिला, म्हातारी वाचली, आणि धाकोजीचा जीव भांड्यात पडला. इतके वर्तमान.